काउंटीच्या सरासरीवर ठरणारे शेती अनुदान: आयोवातील पद्धत आणि आपले महसूल मंडळ

हिशेबवही

नमस्कार. मी आयोवा राज्यातील एका ग्रामीण काउंटीत राहतो आणि शेतकऱ्यांना हंगामी कर्ज देणाऱ्या एका लहान बँकेत हिशेबाचे काम पाहतो. अमेरिकी शेतकऱ्याला सरकार भरमसाट पैसे देते, असे आपल्याकडे नेहमी बोलले जाते. आकडा खरोखरच मोठा आहे. २०२० साली करोना आणि चीनशी चाललेले व्यापारयुद्ध यांच्या मदतीसह थेट सरकारी देणी ४५ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. परंतु हा पैसा एखाद्या गावातील एखाद्या शेतकऱ्यापर्यंत कोणत्या हिशेबाने पोहोचतो, याविषयी मराठीत फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. त्या हिशेबातील एक भाग आपल्या पीक विम्याशी थेट जुळतो, म्हणून हा धागा.

आयोवात ९९ काउंटी आहेत. एकेक काउंटी सरासरी १,४५० चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी. शेती अनुदानाचे काम फार्म सर्व्हिस एजन्सी या केंद्रीय संस्थेच्या स्थानिक कार्यालयातून चालते आणि त्यावर त्या भागातील शेतकऱ्यांनी टपाली मतदानाने निवडलेली काउंटी समिती असते. सभासदांची मुदत तीन वर्षांची. या समित्यांची परंपरा १९३० च्या दशकातील मंदीपर्यंत मागे जाते. १९३३ च्या कायद्याने पेरा कमी करण्याच्या बदल्यात शेतकऱ्यांना पैसे देण्यास सुरुवात झाली, १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला आणि १९३८ मध्ये नवा कायदा आला. आजही शेतीविषयक कायद्यांची नवी आवृत्ती जुन्याच पायावर रचली जाते.

२०१४ च्या कायद्याने एकरी ठरावीक रक्कम देण्याची जुनी पद्धत बंद केली आणि शेतकऱ्यापुढे दोन पर्याय ठेवले. पहिल्यात देशातील सरासरी बाजारभाव ठरवून दिलेल्या संदर्भ किमतीच्या खाली गेला, तर फरक मिळतो. दुसऱ्यात काउंटीतील त्या पिकाचे एकरी सरासरी उत्पन्न (उतारा गुणिले देशपातळीवरील भाव) हमीच्या खाली गेले, तर फरक मिळतो. या दुसऱ्या योजनेला येथे 'आर्क-काउंटी' म्हणतात. माझा मुद्दा तिच्याविषयीच आहे.

समजा, एखाद्या काउंटीत मक्याचा मागील पाच वर्षांचा उतारा एकरी १९० बुशेल आहे. सर्वांत चांगले आणि सर्वांत वाईट वर्ष वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी घेतात. एक बुशेल मका म्हणजे सुमारे २५.४ किलो, तेव्हा हा उतारा एकरी ४८ क्विंटलच्या आसपास जातो. भावाची सरासरी ४.५० डॉलर धरू. आधारभूत उत्पन्न एकरी ८५५ डॉलर झाले. २०१८ च्या कायद्यानुसार हमी त्याच्या ८६ टक्के होती (२०२५ च्या कायद्याने ती वाढली, त्याविषयी पुढे), म्हणजे ७३५.३० डॉलर. आता यंदा काउंटीचा उतारा १७५ बुशेल आणि भाव ४ डॉलर राहिला, तर प्रत्यक्ष उत्पन्न ७०० डॉलर आणि तूट ३५.३० डॉलर. ज्याच्या नावावर मक्याचे ४०० 'बेस एकर' आहेत, त्याला त्यांपैकी ८५ टक्के म्हणजे ३४० एकरांवर ही तूट मिळेल. रक्कम सुमारे १२,००० डॉलर.

आता रस्त्यापलीकडची काउंटी घ्या. आधारभूत आकडे तेच, मात्र यंदाचा उतारा १७५ ऐवजी १८४ बुशेल नोंदला गेला. प्रत्यक्ष उत्पन्न ७३६ डॉलर होते, हमीपेक्षा सत्तर सेंट जास्त, आणि तेथील शेतकऱ्याला एक पैसाही मिळत नाही. हे आकडे समजुतीसाठी मी घेतलेले आहेत, पण हिशेब असाच चालतो. दोघांच्या शेतांत प्रत्यक्ष किती पिकले, याचा त्यात कोठेही विचार नाही.

'बेस एकर' हाही नीट समजून घेण्याचा भाग आहे. हे यंदा पेरलेले क्षेत्र नसते. पूर्वी कधी तरी त्या जमिनीवर कोणते पीक किती क्षेत्रावर होते, त्याची ती सरकारी नोंद असते आणि ती जमिनीला चिकटलेली असते. त्यामुळे मक्याचे बेस एकर असलेल्या जमिनीत यंदा सोयाबीन असले, तरी मक्याच्या हिशेबाने पैसे येऊ शकतात. पैसे येतात तेही उशिरा. २०२४ च्या पिकाची देणी ऑक्टोबर २०२५ पासून सुरू झाली, कारण विक्री-वर्ष (काढणीपासून पुढील बारा महिने) संपल्याशिवाय सरासरी भाव ठरत नाही. आमच्या बँकेत कर्जाची परतफेड ठरवताना या रकमेवर भिस्त ठेवू नये, असे आम्ही प्रत्येक शेतकऱ्याला आधीच सांगतो.

माझे म्हणणे असे आहे की, मदत जेव्हा परिसराच्या सरासरीवर ठरते, तेव्हा रकमेपेक्षाही ती सरासरी कोणी मोजली, किती ठिकाणी मोजली आणि ती तपासण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे का, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. आपल्याकडील अनुभव जाणून घ्यायला आवडेल.

गोदाकाठ

धागा वाचताना नाव तेवढे वेगळे आहे, गोष्ट आमचीच आहे, असे वाटत राहिले. आमच्याकडे पंतप्रधान पीक विमा योजनेत सोयाबीन, कापूस, तूर यांसारख्या प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे विमा क्षेत्र असते. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिला जोखीमस्तराने (सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत संरक्षण, तो टक्का) गुणतात आणि उंबरठा उत्पन्न ठरवतात. पीक कापणी प्रयोगांतून (निवडक भूखंडांवरील पीक कापून, त्याचे वजन करून) आलेले मंडळाचे सरासरी उत्पन्न त्याखाली गेले, तर मंडळातील सर्व विमाधारकांना त्याच प्रमाणात भरपाई मिळते आणि गेले नाही, तर कोणालाही मिळत नाही.

मंडळात एका पिकासाठी किमान १० प्रयोग घ्यावेत, अशी मार्गदर्शक सूचना आहे. मंडळात कित्येक गावे असतात. एका अंगाला काळी भारी जमीन आणि विहिरी, तर दुसऱ्या अंगाला मुरमाड माळ. प्रयोगाचे भूखंड यादृच्छिक पद्धतीने निवडले जातात हे मला मान्य आहे आणि शास्त्र म्हणून ते योग्यही आहे. परंतु ज्या गावात एकही भूखंड आला नाही, त्या गावाला आपले नुकसान कोणत्या कागदावर नोंदले गेले, हे समजण्याचा मार्ग नाही. आमच्या गावाने हे अनुभवले आहे. ऐन शेंगा भरण्याच्या दिवसांत पावसाने दडी मारली, उतारा निम्म्यावर आला आणि मंडळाची सरासरी मात्र उंबरठ्याच्या वर राहिली.

माझा प्रश्न असा की, तुमच्याकडे काउंटीचा उतारा ठरतो कसा? तेथेही पीक कापणी प्रयोग होतात का?

हिशेबवही

आपण नेमके मर्मावर बोट ठेवले आहे. काउंटीच्या उताऱ्यासाठी येथे आपल्यासारखे पीक कापणी प्रयोग होत नाहीत. २०१४ च्या कायद्यानंतर पहिली काही वर्षे मुख्य आधार होता राष्ट्रीय कृषी सांख्यिकी सेवेच्या सर्वेक्षणाचा. काढणीनंतर शेतकऱ्यांना प्रश्नावली पाठवायची, त्यांनी आपला उतारा कळवायचा आणि त्यावरून काउंटीचा आकडा काढायचा. आकडा प्रसिद्ध करण्यासाठी किमान ३० उत्तरे हवीत किंवा मग काढणी झालेल्या क्षेत्रापैकी निदान २५ टक्के क्षेत्र व्यापणारी किमान ३ उत्तरे हवीत, असा त्यांचा दंडक होता. प्रश्नावली भरून पाठवणाऱ्यांचे प्रमाण मात्र वर्षानुवर्षे घटत होते. जेथे पुरेशी उत्तरे आली नाहीत, तेथे पर्यायी स्रोत वापरावा लागे. परिणामी शेजारशेजारच्या दोन काउंटींचे आकडे दोन वेगळ्या पद्धतींनी काढलेले असत, आणि एकीकडे भरघोस रक्कम तर दुसरीकडे शून्य अशी उदाहरणे समोर आल्यावर शेतकरी संघटनांनी व लोकप्रतिनिधींनी हा विषय लावून धरला.

२०१८ च्या कायद्यात दोन दुरुस्त्या झाल्या आणि दोन्ही मला महत्त्वाच्या वाटतात. पहिली म्हणजे, पीक विम्यासाठी शेतकऱ्यांनी नोंदवलेल्या उत्पादनाच्या आकडेवारीला प्रथम पसंती देण्यात आली. येथे मका आणि सोयाबीनचे बहुतांश क्षेत्र विम्याखाली असल्याने ती आकडेवारी खूपच अधिक शेतांची असते. दुसरी म्हणजे, जमीन प्रत्यक्ष ज्या काउंटीत आहे, त्याच काउंटीचा आकडा तिला लावायचा. त्याआधी शेतकऱ्याची कागदपत्रे ज्या काउंटीच्या कार्यालयात असत, तिचा आकडा लागू शकत असे.

आणखी एक फरक आवर्जून सांगतो. काउंटीची सरासरी हा येथील शेतकऱ्याच्या संरक्षणाचा एकच पाय आहे. दुसरा पाय म्हणजे त्याच्या स्वतःच्या शेताच्या उत्पादन-इतिहासावर आधारलेला पीक विमा, ज्याच्या हप्त्यापैकी सरासरी ६० टक्क्यांहून अधिक भाग सरकार भरते. १० ऑगस्ट २०२० रोजी आयोवाच्या मध्यभागातून प्रचंड वेगाचे सरळ वारे गेले आणि उभा मका मैलोन्‌मैल आडवा झाला. अशी वादळाची पट्टी काउंटीच्या सीमा पाहून जात नाही. ज्याचे शेत पट्टीत सापडले, त्याच्या कामी आला तो स्वतःच्या शेताचा विमा.

काळीरान

आपल्याकडे असा दुसरा पाय काही प्रमाणात होता, हे येथे नोंदवले पाहिजे. गारपीट, क्षेत्र जलमय होणे, काढणीनंतर सुकवायला ठेवलेल्या पिकाचे नुकसान, यांसाठी ७२ तासांत सूचना देऊन वैयक्तिक पंचनाम्याच्या आधारे भरपाई मागता येत असे. त्यातही अडचणी पुष्कळ होत्या, सूचना नोंदवतानाच दमछाक होत असे, तरी शेताच्या बांधावर कोणी तरी येऊन पाहत असे. महाराष्ट्र राज्याने २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा दिला, त्यात गैरप्रकार उघड झाले, आणि खरीप २०२५ मध्ये ती सवलत बंद करून शेतकरी हिस्सा पुन्हा खरिपासाठी २ टक्के, रब्बीसाठी दीड टक्का आणि नगदी पिकांसाठी ५ टक्के असा करण्यात आला. त्याच वेळी हे वैयक्तिक घटकही वगळले गेले आणि भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आली. खोटे अर्ज रोखलेच पाहिजेत, याविषयी दुमत नाही. पण खोट्या अर्जाचा बंदोबस्त करताना खऱ्या नुकसानीचा पंचनामाही काढून टाकला गेला, हे मला अन्यायाचे वाटते.

आता मूळ विषयाकडे. आपण लिहिता की नोंद जमिनीला चिकटलेली असते. मग जमीन कसणारा वेगळा असेल, तर पैसे कोणाला मिळतात? आमच्याकडे पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० रुपये सातबारावर नाव असलेल्याच्या खात्यात जातात. बटईने किंवा ठोक्याने जमीन करणाऱ्याला त्यातील काही मिळत नाही. स्वतःच्या नावावर गुंठाही नसलेली, दुसऱ्याची पाच-सहा एकर कसून पोट भरणारी कुटुंबे आमच्या पट्ट्यात पुष्कळ आहेत.

हिशेबवही

येथे नियम उलटा आहे. रोख खंडाने जमीन दिली असेल, तर अनुदान कसणाऱ्याला मिळते, कारण पिकाची जोखीम त्याची असते. वाट्याने दिली असेल, तर मालक व कसणारा यांच्यात वाट्याच्या प्रमाणात विभागणी होते. शिवाय लाभार्थ्याने भांडवल, जमीन किंवा यंत्रे पुरवली पाहिजेत आणि शेतीच्या कामात किंवा व्यवस्थापनात प्रत्यक्ष सहभागी असले पाहिजे, अशी अट आहे. आयोवातील निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते, त्यामुळे हा नियम येथे फार मोलाचा आहे.

तरीही पैसा कसणाऱ्याकडे टिकतोच असे नाही. पुढच्या वर्षी खंड ठरवताना मालकाला ठाऊक असते की, या जमिनीवर अमुक इतके बेस एकर आहेत. अनुदानाची शक्यता धरूनच तो खंड मागतो आणि जमिनीच्या विक्रीच्या किमतीतही ती शक्यता मिसळली जाते. अर्थतज्ज्ञांनी यावर पुष्कळ अभ्यास केला आहे आणि मालकाकडे झिरपणारा वाटा किती, याबद्दल त्यांच्यात मतभेद आहेत. परंतु काही वाटा झिरपतो, हे सर्वजण मान्य करतात. आमच्या बँकेत तरुण शेतकरी येतात, तेव्हा त्यांची मोठी अडचण बियाणे-खतांपेक्षाही खंड हीच असते.

मोठ्या शेतकऱ्यांविषयीही सांगायला हवे. २०१८ च्या कायद्याने एका व्यक्तीला वर्षाला १,२५,००० डॉलरची मर्यादा होती, ती २०२५ च्या कायद्याने १,५५,००० केली. पण भागीदारी संस्थेत प्रत्येक पात्र भागीदाराला स्वतंत्र मर्यादा मिळते आणि २०१८ पासून कुटुंबाच्या व्याख्येत चुलत-मामे भावंडे, पुतणे, भाचे यांचाही समावेश झाला. त्यामुळे मोठ्या शेतीवर मर्यादेचा परिणाम मर्यादितच राहतो. २०२५ च्या त्याच कायद्याने मक्याची संदर्भ किंमत ३.७० वरून ४.१० डॉलर आणि सोयाबीनची ८.४० वरून १० डॉलर केली, आर्कची हमी ८६ वरून ९० टक्क्यांवर नेली आणि ३ कोटींपर्यंत नवे बेस एकर देण्याची तरतूद केली. ज्याच्याकडे जास्त एकर, त्याला जास्त मदत, हे सूत्र त्याने अधिक घट्ट केले, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाणंद

चर्चा चांगली चालली आहे, पण शेतकऱ्यांनी निवडलेल्या काउंटी समितीचा उल्लेख वाचून कोणाला ती आदर्श व्यवस्था वाटू नये, म्हणून लिहिते. याच स्थानिक समित्यांच्या हातून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांवर दशकानुदशके अन्याय झाला. सरकारी शेतीकर्जाचे निर्णय पूर्वी काउंटी पातळीवरील समित्या घेत आणि दक्षिणेकडील राज्यांत त्या जवळजवळ संपूर्णपणे श्वेतवर्णीय असत. कृष्णवर्णीय शेतकऱ्याचा अर्ज नाकारायचा किंवा पेरणीचा हंगाम टळेपर्यंत लोंबकळत ठेवायचा, हे सर्रास घडे. उत्तर कॅरोलायनातील टिमोथी पिगफर्ड आणि इतरांनी १९९७ मध्ये कृषी खात्यावर दावा दाखल केला, १९९९ मध्ये त्यात तडजोड झाली आणि १५,००० हून अधिक शेतकऱ्यांना मिळून एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम देण्यात आली. मुदतीत अर्ज न करू शकलेल्यांसाठी २०१० मध्ये आणखी १.२५ अब्ज डॉलरची तडजोड झाली. तोवर कित्येकांच्या जमिनी हातच्या गेल्या होत्या.

म्हणून आपल्याकडे कोणी मंडळ पातळीवर शेतकऱ्यांची समिती मागत असेल, तर त्या समितीत कोण बसणार, हा प्रश्न मी आधी विचारीन. गावातील वजनदार चार घरांची समिती झाली, तर अल्पभूधारकाचा, एकल महिलेचा, गायरान कसणाऱ्याचा अर्ज कोणत्या गठ्ठ्यात पडेल, हे सांगण्याची गरज नाही.

हिशेबवही

पाणंद, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे आणि मी ते मूळ लेखातच लिहायला हवे होते.

स्थानिक समितीवर तपासणी ठेवणारी एक गोष्ट येथे नंतर आली, ती म्हणजे देणींची जाहीर यादी. कोणत्या व्यक्तीला किंवा संस्थेला कोणत्या योजनेतून किती रक्कम मिळाली, ही माहिती सार्वजनिक आहे आणि एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने ती काउंटीनिहाय शोधता येईल अशी मांडली आहे. २००८ च्या कायद्याने शेतकऱ्यांनी सरकारला दिलेली शेताची तपशीलवार माहिती गोपनीय केली, पण देणींची माहिती खुलीच ठेवली. शेजाऱ्याचा आकडा कोणालाही पाहता येतो, याचा काहींना राग येतो. मला ती खुली असणेच योग्य वाटते, कारण पैसा जनतेचा आहे.

काउंटीच्या सरासरीचा एक जुना पण वेगळा उपयोगही येथेच सांगतो. धूप होणारी जमीन दहा ते पंधरा वर्षे पडीक ठेवून तीवर गवत किंवा झाडे राखण्याची योजना १९८५ पासून आहे. तिचा वार्षिक मोबदला काउंटीतील कोरडवाहू जमिनीच्या सरासरी खंडावरून ठरतो आणि काउंटीतील २५ टक्क्यांहून अधिक लागवडीखालील जमीन सामान्यतः अशा प्रकारे पडीक ठेवता येत नाही. जमीन पेरलीच नाही, तर बियाण्याचे दुकान, धान्याचे कोठार, यंत्रदुरुस्तीची शेड यांचे काम थांबते आणि गाव ओस पडू लागते, हा त्यामागील विचार. मालकाला घरबसल्या पैसे मिळत असताना गावातील उरलेल्यांचे काय होईल, एवढा विचार करणारी तरतूद मला अनुदानाच्या साऱ्या कायद्यांत विशेष वाटते.

याउलट २०१९ मधील व्यापारयुद्धाची मदत पाहा. तेव्हा प्रत्येक काउंटीला एकरी एकच दर ठरवून दिला होता, १५ डॉलरपासून १५० डॉलरपर्यंत. तेच सोयाबीन, तोच बाजार, पण काउंटी बदलली की दर बदलला.

गोदाकाठ

पीएम-किसानच्या लाभार्थ्यांची गावनिहाय यादी आपल्याकडेही संकेतस्थळावर पाहता येते. तशीच पीक कापणी प्रयोगाची नोंद का असू नये? कोणत्या गावातील कोणत्या गटात प्रयोग झाला, किती वजन भरले, ओलावा किती धरला आणि त्यावरून हेक्टरी उत्पन्न किती निघाले, एवढा कागद मंडळातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे, आणि तो भरपाई जाहीर होण्याआधी लागला पाहिजे. प्रयोगाच्या वेळी विमा कंपनीचा प्रतिनिधी हजर राहू शकतो. मग ज्या गावांचा हिशेब त्या भूखंडावर ठरणार आहे, त्यांच्याही प्रतिनिधींना दिवस आणि जागा आधी कळली पाहिजे. पाणंदताईंचा आक्षेप लक्षात घेऊन मी त्यात एवढेच जोडतो की, हे प्रतिनिधी ग्रामसभेत ठरावेत आणि त्यांत अल्पभूधारक व महिला शेतकरी असाव्यात.

येत्या ग्रामसभेसाठी मी या मागणीचा ठराव लिहायला घेतला आहे. मसुदा तयार झाला की याच धाग्यावर टाकतो. काळीरान, वैयक्तिक पंचनाम्याचा मुद्दा त्यात कसा मांडावा, याविषयी आपण दोन परिच्छेद लिहून द्याल का?

काळीरान

अवश्य. रविवारपर्यंत पाठवतो. बटईदाराच्या नावाची नोंद ई-पीक पाहणीत (मोबाइलवरून होणाऱ्या पीकनोंदीत) कशी घेता येईल, हाही मुद्दा जोडू या. सातबारा मालकाचा असला, तरी पीक कोणाच्या घामाचे आहे, हे कोठे तरी नोंदले गेल्याशिवाय त्याला कोणतीही मदत मागता येणार नाही.